सभेतील निवेदन : वक्त्याची तयारी आणि टाळावयाच्या चुका

गोदावरीच्या घाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात, मे महिन्यात भरणारी नाशिकची वसंत व्याख्यानमाला ही महाराष्ट्रातील जुन्या व्याख्यानमालांपैकी एक होय. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. नाशिकमध्ये १९२२ पासून सुरू झालेल्या व्याख्यानमालेनेही आता शंभरी ओलांडली आहे. उघड्या पटांगणावरील अशा सभेत श्रोता आपखुशीने येतो आणि कंटाळा आला तर उठून जातो. त्यामुळे आपले बोलणे कोठे सैल पडले, हे वक्त्याला तत्काळ समजते.

शासकीय बैठक, ग्रामसभा, पालक मेळावा किंवा बँकेपुढे मांडावयाचा कर्जप्रस्ताव यांची गोष्ट निराळी आहे. तेथे श्रोता बहुधा शेवटपर्यंत बसून राहतो. तो उठून जात नाही, म्हणून आपले निवेदन उत्तम झाले असा वक्त्याचा समज होतो. प्रत्यक्षात श्रोत्याने ऐकणे केव्हाच थांबविलेले असते. व्याख्यान फसले तर श्रोत्यांची एक संध्याकाळ वाया जाते. ग्रामसभेतील निवेदन फसले तर गावाचे एक वर्ष वाया जाऊ शकते. म्हणूनच सार्वजनिक कामात असलेल्या प्रत्येकाने निवेदनाचा अभ्यास करणे अगत्याचे आहे. हा विषय वक्तृत्वाच्या देणगीचा नसून तयारीचा आहे, आणि तयारी कोणालाही करता येते.

निवेदनाचा हेतू : निर्णय

व्याख्यान आणि निवेदन यांतील मुख्य फरक हेतूचा आहे. व्याख्यानाने श्रोत्याच्या ज्ञानात भर पडावी, विचाराला चालना मिळावी, एवढी अपेक्षा असते. निवेदनानंतर मात्र श्रोत्यांना काहीतरी ठरवावयाचे असते. ठराव मंजूर करावयाचा की नाही, लोकवर्गणी द्यावयाची की नाही, कर्ज मंजूर करावयाचे की नाही, मुलीला आठवीनंतर शाळेत ठेवावयाचे की नाही, असे हे प्रश्न असतात. ऐकणाऱ्याला निर्णय घेणे सोपे झाले, तर निवेदन साधले. अन्यथा ते कितीही रसाळ असले तरी फसले, असेच म्हटले पाहिजे.

ग्रामसभेच्या बाबतीत ही जबाबदारी अधिकच मोठी आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सर्वसाधारण ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती होय. दोन हजार मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे ३०० होतात. म्हणून तेथे १०० मतदार पुरेसे ठरतात. हे शंभर जण दोन हजारांच्या वतीने निर्णय घेतात आणि घरी जाऊन उरलेल्यांना तो समजावून सांगतात. सभेत विषय नीट उलगडला नाही, तर चुकीची माहिती याच शंभर मुखांनी गावभर पसरते. पुढे योजनेला विरोध होतो, वर्गणी थकते, आणि 'लोक सहकार्य करीत नाहीत' असा शेरा कागदावर पडतो. त्या असहकाराचे मूळ पुष्कळदा सभेतील त्या अर्ध्या तासात असते.

एका वाक्यातील सार

तयारीची पहिली पायरी म्हणजे आपले म्हणणे एका वाक्यात लिहून काढणे. 'पाणीपुरवठ्याविषयी माहिती देणे' हे असे वाक्य नव्हे. तो केवळ विषय झाला. 'जुनी टाकी अपुरी पडते, म्हणून या सभेने नव्या टाकीसाठी जागा ठरवावी' हे वाक्य होय. त्यात कारण आहे, मागणी आहे, आणि ती कोणाकडे आहे हेही स्पष्ट आहे. असे वाक्य लिहिता येत नसेल, तर विषय अद्याप वक्त्यालाच उमगलेला नाही असे समजावे.

एका वाक्यात किती सामर्थ्य असू शकते, याचे उदाहरण नाशिक जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्या लढ्याच्या अनुभवाचा आढावा घेतला, आणि हिंदू म्हणून जन्मास येणे आपल्या हाती नव्हते, तथापि हिंदू म्हणून मरणार नाही, अशा आशयाची घोषणा केली. परिषदेने मंदिरप्रवेशाचा लढा थांबविण्याचा ठराव केला. त्या दिवशीचे सर्व भाषण स्मरणात ठेवणे श्रोत्यांना शक्य नव्हते. परंतु ते एक वाक्य प्रत्येकजण आपल्या गावी घेऊन गेला. पुढे २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे त्या घोषणेची परिपूर्ती झाली. त्या वाक्यामागे कित्येक वर्षांचा अनुभव होता, त्याआधी कारणे सांगितलेली होती, आणि त्यानंतर काय करावयाचे हेही सभेने ठरविले. अनुभव, कारण, निष्कर्ष आणि ठराव हा क्रम लहानशा ग्रामसभेलाही उपयोगी पडणारा आहे.

श्रोत्यांची ओळख

दुसरी पायरी श्रोत्यांची. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि त्यांतील लोकजीवनात मोठे वैविध्य आहे. निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागाईतदार, लासलगावच्या बाजारातील कांद्याचा व्यापारी, मालेगावचा यंत्रमागधारक, सातपूर-अंबडच्या कारखान्यातील कामगार आणि सुरगाणा-पेठच्या डोंगरात नागली व भात पिकविणारा आदिवासी शेतकरी यांना एकच छापील भाषण वाचून दाखविणे व्यर्थ होय. पाणी वाचविण्याचे महत्त्व सांगावयाचे असेल, तर बागाईतदाराला ठिबक सिंचनाच्या खर्चाचा आणि उत्पन्नाचा हिशेब हवा असतो. सुरगाण्याच्या पाड्यावर भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात विहीर का आटते, हा प्रश्न आधी येतो. तेथील अनेकांच्या घरची बोली प्रमाण मराठीहून वेगळी आहे. अशा ठिकाणी सभेपूर्वी गावातील शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा आशा स्वयंसेविका यांच्याशी बोलून नेमके शब्द विचारून घ्यावेत.

निवेदनापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत. श्रोत्यांना या विषयाची आधीच किती माहिती आहे? त्यांना कशाची भीती अथवा शंका आहे? आणि सभेनंतर त्यांनी नेमके काय करावे अशी अपेक्षा आहे? यांतील दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून तोच बहुधा राहून जातो. नवी टाकी झाल्यावर पाणीपट्टी किती वाढेल, ही शंका लोकांच्या मनात असताना वक्ता टाकीच्या बांधकामाचे वर्णन करीत राहिला, तर त्याचे शब्द कानावरून जातात. शंका आपण होऊन मांडावी आणि तिचे उत्तर द्यावे. त्यामुळे श्रोत्यांचा विश्वास वाढतो.

मांडणीचा नमुना शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगामध्ये कीर्तनकार एखादा अभंग किंवा पद घेऊन त्याचे निरूपण करतो. उत्तररंगात त्याच तत्त्वाला धरून आख्यान सांगतो, आणि अखेरीस मूळ अभंगाकडे परत येतो. तत्त्व, त्याचे स्पष्टीकरण, उदाहरण आणि पुन्हा तत्त्व, अशी ही रचना आहे. मराठी श्रोत्याच्या कानाला ती पिढ्यान् पिढ्या परिचित आहे.

आकडे बोलके कसे करावेत

शासकीय निवेदनात आकडे अपरिहार्य असतात. परंतु आकडा ऐकला म्हणजे तो समजला असे होत नाही. जलजीवन मिशन या १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या योजनेत ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. केवळ '५५ लिटर दरडोई' असे सांगून भागत नाही. दोन हजार लोकवस्तीच्या गावाचे उदाहरण घेऊ. त्या गावाला दररोज १ लाख १० हजार लिटर पाणी लागेल. गावाची टाकी ५० हजार लिटरची असेल, तर ती दिवसातून दोनदा भरली तरी १० हजार लिटर पाणी कमी पडेल. पंप ताशी १५ हजार लिटर पाणी देत असेल, तर तो सुमारे सात तास वीस मिनिटे चालला पाहिजे. वीज सहाच तास मिळाली, तर ९० हजार लिटर पाणी येईल आणि माणशी ५५ ऐवजी ४५ लिटरच वाट्यास येईल.

एवढे सांगितले म्हणजे सभेतील चर्चेला आपोआप दिशा मिळते. टाकी मोठी हवी, पंप मोठा हवा, की विजेच्या वेळेसाठी पाठपुरावा हवा, हे लोक स्वतःच बोलू लागतात. एका निवेदनात असे तीन-चार आकडे पुरेत. उरलेले तक्त्यात छापून वाटावेत. मापेही श्रोत्यांच्या वापरातील असावीत. शेतकऱ्यांपुढे हेक्टरबरोबर एकर आणि गुंठेही सांगावेत. ४० गुंठ्यांचा एकर आणि सुमारे अडीच एकरांचा हेक्टर हा हिशेब एकदा स्पष्ट केला म्हणजे पुढे घोटाळा होत नाही.

कर्जप्रस्तावाची मांडणी

व्यवसायासाठी भांडवल मागताना हीच कसोटी लागू पडते. दहा महिलांच्या एका बचत गटाला नागलीच्या पापडांचा उद्योग वाढवावयाचा आहे, अशी कल्पना करू. बँकेच्या अधिकाऱ्यापुढे गटाची स्थापना, सत्कार आणि प्रमाणपत्रे यांचेच वर्णन होत राहिले, तर त्याच्या मनातील प्रश्न तसेच राहतात. कर्ज किती, कशासाठी, परतफेड कशातून, आणि विक्री घटली तर काय, हे ते चार प्रश्न होत.

समजा, महिन्याला ३०० किलो माल विकला जातो आणि कच्चा माल, वेष्टन, वाहतूक, वीज व महिलांची मजुरी वजा जाता किलोमागे ४० रुपये उरतात. म्हणजे महिन्याला १२ हजार रुपये शिल्लक राहतात. कर्जाचा हप्ता ७ हजार रुपये असेल, तर हप्ता भरून ५ हजार रुपये हाती राहतील. विक्री २०० किलोवर आली, तरी ८ हजार रुपये उरतील आणि हप्ता चुकणार नाही. मात्र विक्री १७५ किलोंच्या खाली गेली, तर हप्ता शिलकेतून भरावा लागेल. ही शेवटची प्रतिकूल बाबही गटाने आपण होऊन सांगावी. पावसाळ्यात पापड वाळविण्याची अडचण येते, हे अधिकाऱ्याला ठाऊक असतेच. ती अडचण झाकून ठेवणाऱ्यापेक्षा तिच्यावरील उपाय सांगणाऱ्यावर तो अधिक विश्वास ठेवील.

पडद्यावरील सादरीकरण

अलीकडे बैठकींतून संगणक आणि प्रक्षेपक यांच्या साहाय्याने स्लाइड दाखविण्याची पद्धत रूढ झाली आहे. हे साधन उपयुक्त असले, तरी त्याच्या आहारी जाण्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात. अमेरिकेच्या 'कोलंबिया' या अंतराळयानाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाण होताच इंधनटाकीवरील फेसाच्या आवरणाचा एक तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान नष्ट झाले आणि कर्नालच्या कन्या कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी या आघाताविषयी व्यवस्थापकांपुढे सादरीकरण केले होते. त्यातील एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. यानावर आदळलेला तुकडा पूर्वीच्या चाचण्यांतील तुकड्यापेक्षा सहाशे पटींहून अधिक आकारमानाचा होता, ही कळीची बाब त्याच स्लाइडच्या तळाशी, बारीक अक्षरांत, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात होती. अपघाताचे प्रत्यक्ष कारण तो आघात होता. पण चौकशी मंडळाने २००३ च्या अहवालात तांत्रिक अहवालांऐवजी अशा स्लाइडांवर विसंबण्याच्या सवयीवरही टीका केली. धोक्याची सूचना कागदावर होती, परंतु ती निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचली नाही.

जिल्हा पातळीवरील बैठकीतही हाच बोध लागू होतो. साथीचा धोका, पुलाला गेलेली तडा, शाळेची मोडकळीस आलेली भिंत या बाबी यादीतील अकराव्या क्रमांकावर नसाव्यात. सर्वांत महत्त्वाची बाब प्रथम आणि मोठ्या अक्षरांत यावी. एका स्लाइडवर एकच मुद्दा असावा आणि तिचे शीर्षक पूर्ण वाक्याचे असावे. शेवटच्या रांगेतील वयस्क माणसाला वाचता येईल एवढे अक्षर असावे. पडद्यावर जे लिहिले आहे, तेच मोठ्याने वाचून दाखवू नये. वीज गेली तरी निवेदन अडू नये, यासाठी मुख्य आकडे एका कागदावर जवळ ठेवावेत.

नेहमी आढळणाऱ्या चुका

(१) दिलगिरीने प्रारंभ : 'मी काही वक्ता नाही', 'तयारीला वेळ मिळाला नाही' अशा वाक्यांनी श्रोत्यांचा उत्साह आरंभीच मावळतो. प्रारंभ श्रोत्यांच्या प्रश्नापासून करावा.

(२) नामावलीचा विस्तार : व्यासपीठावरील प्रत्येकाचे नाव, पद आणि गौरव यांत दहापैकी चार मिनिटे जातात. स्वागत सूत्रसंचालकाने केलेले असते. वक्त्याने सर्वांना एका वाक्यात अभिवादन करावे.

(३) कागद वाचणे : वाचणाऱ्याची नजर कागदावर खिळते आणि श्रोत्यांशी असलेला संबंध तुटतो. मुद्द्यांचे टिपण जवळ ठेवून बोलावे. कायद्यातील तरतूद किंवा ठरावाचा मसुदा मात्र शब्दशः वाचावा.

(४) परिभाषेचा भडिमार : 'प्रशासकीय मान्यता' आणि 'तांत्रिक मान्यता' यांतील भेद कार्यालयात सर्वांना माहीत असतो, गावात नसतो. पहिलीने कामाला व खर्चाला संमती मिळते आणि दुसरीने अभियंता आराखडा व अंदाजपत्रक तपासून मान्य करतो, असे एका वाक्यात सांगावे. आद्याक्षरांची संक्षिप्त नावे टाळावीत.

(५) वेळेचे उल्लंघन : मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द या गतीने बोलले, तर दहा मिनिटांत हजार-बाराशे शब्दच होतात. तेवढाच मजकूर तयार करावा. वेळ संपत आली म्हणून गती वाढविण्यापेक्षा एखादा मुद्दा गाळावा. 'शेवटी एवढेच सांगतो' असे म्हटल्यावर खरोखरच थांबावे.

(६) ध्वनिवर्धकाकडे दुर्लक्ष : सभेपूर्वी मागच्या रांगेत कोणाला तरी उभे करून आवाज तपासावा. महिला बहुधा मागे किंवा कडेला बसतात. त्यांच्यापर्यंत आवाज पोहोचतो की नाही, हे अवश्य पाहावे.

(७) प्रश्नांचा राग : आडवा प्रश्न विचारणारा माणूस विरोधकच असतो असे नाही. प्रश्न पूर्ण ऐकावा, सर्वांना ऐकू जाईल असा पुन्हा सांगावा आणि मग उत्तर द्यावे. माहिती नसेल तर तसे स्पष्ट सांगून अमुक तारखेपर्यंत कळवितो असे म्हणावे व ती तारीख पाळावी. अंदाजाने दिलेले उत्तर गावात आश्वासन ठरते.

सरावाची पद्धत

प्रथम सार एका वाक्यात लिहावे. त्याखाली तीन मुद्दे आणि प्रत्येक मुद्द्यासाठी एक उदाहरण लिहावे. नंतर घड्याळ लावून ते मोठ्याने दोनदा म्हणावे. मनातल्या मनात केलेला सराव जिभेच्या कामी येत नाही. तिसऱ्या वेळी विषयाशी संबंध नसलेल्या व्यक्तीला ऐकवावे आणि 'तुम्हांला काय समजले?' असे विचारावे. 'समजले का?' असा प्रश्न विचारू नये. त्याला प्रत्येकजण होकारच देतो. शाळेत शिक्षकांना हा प्रयोग विद्यार्थ्यांकडूनही करवून घेता येईल : गावातील एखादा प्रश्न घेऊन पाच मिनिटांत कारण, आकडा आणि मागणी मांडावयाची, आणि इतरांनी त्याचे सार एका वाक्यात लिहावयाचे.

नव्याने निवडून आलेल्या महिला सदस्यांना सभेत बोलण्याचा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद अधिनियमात आहे. तीच सभा बोलण्याच्या सरावासाठी उत्तम जागा ठरू शकते. तेथे मांडलेला मुद्दा दुसऱ्या सभेत मांडताना शब्द सहज येतात, आणि पाठीशी इतर महिलाही उभ्या असतात.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, पाठ केलेल्या मजकुराचा मोठा भाग माणूस पहिल्या काही तासांतच विसरतो. म्हणून निवेदनाच्या अखेरीस सार पुन्हा सांगावे, ठराव स्पष्ट शब्दांत वाचावा, आणि कोणी, काय, केव्हापर्यंत करावयाचे हे फलकावर लिहावे.

निवेदनाची खरी परीक्षा टाळ्यांनी होत नाही. सभेला न आलेल्या एखाद्या व्यक्तीला दुसऱ्या दिवशी विचारावे : काल काय ठरले, आणि का ठरले? घरच्या माणसाकडून ऐकलेले उत्तर तिने बरोबर सांगितले, तर सभेतील शब्द गावापर्यंत पोहोचले असे समजावे. ते उत्तर चुकले, तर दोष ऐकणाऱ्याच्या माथी न मारता पुढील सभेची तयारी अधिक कसून करावी. योजना कागदावर कितीही चांगली असली, तरी ज्यांच्यासाठी ती आखली त्यांना ती समजली, तरच ती त्यांची होते. अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या बोलण्यावर हे पुष्कळ अंशी अवलंबून आहे.